कमी पैशांतला कीबोर्ड: जुना बरा की नवा?

रायपूरच्या सदर बाजारात जुना दागिना मोडायला नेला, की सराफ तो कसोटीवर घासतो, तोलतो आणि त्या दिवसाच्या भावानं पैसे सांगतो. दागिना कुणी किती वर्षं अंगावर घातला, याला तिथं फारसं मोल नसतं. कीबोर्डचं तसं नाही. तो किती तास वाजला, कुठल्या खोलीत पडून होता, त्याला कुठला अडॅप्टर लावला, यावर त्याची खरी किंमत ठरते आणि ती कुठल्याही भावपत्रकात सापडत नाही. कसोटी घेणाऱ्यालाच लावावी लागते.

सदर बाजार, तात्यापारा, बुढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांत नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं राहत आली आहेत. त्यांच्या घरांत पेटी होती, तबला होता. आता मुलं कीबोर्ड मागतात. घरात पैसे ठरलेले असतात: दहा हजार, फार तर वीस. समोर दोन वाटा असतात. दुकानातला खोक्यातला नवा कोरा कीबोर्ड, नाहीतर त्याच पैशांत कुणाकडचा तरी जुना, पण एके काळी बराच महाग असलेला. काय घ्यावं?

या लेखाचं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. आवाज आज बाहेरून आणता येतात, पट्ट्या आणता येत नाहीत. म्हणून आधी पट्ट्या पाहाव्यात, मग वाजवणाऱ्याचं काम पाहावं, आणि टोनची संख्या सगळ्यात शेवटी. हा क्रम धरला की जुन्या-नव्याचा वाद बराचसा आपोआप मिटतो. दुर्दैवानं बहुतेक खरेदी नेमकी याच्या उलट क्रमानं होते.

वाजवणार कोण?

रायपूरमध्ये कीबोर्ड घेणारे साधारण चार प्रकारचे आहेत. पहिला, शिकायला सुरुवात करणारं मूल. दुसरा, घरातल्या आरत्या, भजनं, भावगीतं वाजवणारा आणि महाराष्ट्र मंडळाच्या किंवा गल्लीतल्या गणेशोत्सवात साथीला बसणारा. तिसरा, पैसे घेऊन वाजवणारा: ऑर्केस्ट्रा, नवरात्रातली जसगीतं, लोककला मंच आणि धुमाल. चौथा, लॅपटॉपवर गाणी बांधणारा तरुण, ज्याला नवेनवे आवाज घडवायचे असतात.

या चौघांना एकच सल्ला देता येत नाही. तरी दुकानात चौघांनाही एकाच रांगेतली मॉडेलं दाखवली जातात, आणि जुना विकणारा तर चौघांनाही ‘सगळं चालतं’ एवढंच सांगतो.

जुना म्हणजे किती जुना?

‘जुना कीबोर्ड’ म्हणताना आपण तीन अगदी वेगळ्या वस्तू एका नावाखाली घालतो. त्या आधी वेगळ्या करायला हव्यात.

पहिला थर १९८० च्या दशकातला. कॅसिओनं १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ आणला. त्यात ४९ पट्ट्या आणि २९ आवाज होते. घरात ठेवता येईल असं इलेक्ट्रॉनिक वाद्य सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याची ती सुरुवात. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर तो चालत होता आणि त्याचा काचेसारखा पियानो, घंटा नि बेस पुढची काही वर्षं जगभरच्या गाण्यांत ऐकू येत राहिले. त्याच वर्षी मिडी हे प्रमाण आलं. एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागलं. १९८४ चा कॅसिओ सीझेड-१०१ हा तर स्वस्त सिंथेसायझरचा मैलाचा दगड आहे. पट्ट्या लहान, त्याही ४९ च, पण मिडी होता आणि आवाज मुळापासून घडवता येत होता.

दुसरा थर १९९० नंतरच्या घरगुती कीबोर्डांचा: यामाहाची पीएसआर आणि कॅसिओची सीटीके मालिका. डाव्या हातानं कॉर्ड धरली की ताल, बेस आणि भरणा आपोआप सुरू होणारे हे कीबोर्ड. वरच्या मॉडेलांत फ्लॉपी असे. यामाहाचा पीएसआर-७४० त्यातलाच. पुढं यामाहानं भारतासाठी वेगळी मॉडेलं काढली. पीएसआर-आय४२५ आणि त्यानंतरचा आय४५५ यांत तबला, तानपुरा, सितार आणि आपल्याकडच्या स्टाइल होत्या. आज सेकंडहँड बाजारात सर्वांत जास्त फिरणारे कीबोर्ड याच थरातले.

तिसरा थर व्यावसायिक वाद्यांचा. १९८८ चा कॉर्ग एम१, २००४ चा रोलँड जुनो-डी, २००९ चा जुनो-डीआय, यामाहाचा एमएक्स, आणि भारतीय वादकांना डोळ्यांपुढं ठेवून आलेला रोलँड एक्सपीएस-१०. यांना बहुधा स्वतःचे स्पीकर नसतात. पण पट्ट्या, आउटपुट आणि आवाजाची घडण वेगळ्या दर्जाची असते.

जुन्याच्या बाजूनं बोलणारे तिसऱ्या थराची उदाहरणं देतात आणि लोक घरी आणतात ते दुसऱ्या थरातलं वाद्य. गोंधळाचं मूळ इथं आहे.

नव्यात खरोखर काय बदललं?

स्वस्त कीबोर्डांत गेल्या आठ-दहा वर्षांत जेवढी सुधारणा झाली, तेवढी त्याआधीच्या पंधरा वर्षांत झाली नसावी. कॅसिओनं २०१८ मध्ये सीटी-एक्स मालिका आणली आणि स्वस्त कॅसिओच्या आवाजाविषयीची जुनी तक्रार बरीच मावळली. या मालिकेत भारतासाठीची मॉडेलंही आहेत. २०१९ मध्ये कॅसिओटोन हे जुनं नाव पुन्हा बाहेर काढून सीटी-एस१००, २०० आणि ३०० आले. हलके, सहा पेन्सिल सेलवर चालणारे. यामाहाचा पीएसआर-ई३७३ २०२० मध्ये आला: ६१ पट्ट्या, दाबाला प्रतिसाद, ६२२ आवाज, एका वेळी ४८ स्वर, आणि यूएसबीच्या एकाच तारेतून संगणकात मिडीही जातं, आवाजही जातो. भारतीय मालिकेतला नवा पीएसआर-आय५०० हा रियाजाच्या सोयीसह मिळतो. २०१९ पासून यामाहाचा चेन्नईजवळचा कारखाना सुरू आहे आणि तिथं कीबोर्ड बनतात.

या यादीतला दाबाला प्रतिसाद हा शब्द सोडला, तर बाकी सगळं शिकणाऱ्याच्या दृष्टीनं दुय्यम आहे. ६२२ आवाजांतले वर्षभरात वापरले जातात ते दहा-बारा.

आणि नवं म्हणजे सगळं असतंच असंही नाही. कमी किमतीच्या नव्या कीबोर्डांत मोठी फसगत इथंच होते. यामाहाचे पीएसआर-एफ५१, एफ५२ आणि ई२७३, कॅसिओचे सीटी-एस१०० आणि २०० हे नवे आहेत, दिसायला नीटनेटके आहेत, पण पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. दोन-चार हजार वाचवायला म्हणून हे घेतले जातात आणि वर्षभरात शिक्षक ‘दुसरा घ्या’ म्हणतात. सीटी-एस३०० मध्ये मात्र दाबाला प्रतिसाद आहे.

पट्टीखाली काय घडतं

प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या आत कार्बनची चकती. पट्टी दाबली की चकती खालच्या पाटीवरच्या रेघांना टेकते आणि स्वर वाजतो. दाबाला प्रतिसाद देणाऱ्या कीबोर्डात अशा दोन चकत्या असतात. एक आधी टेकते, दुसरी किंचित नंतर. या दोन स्पर्शांमधला वेळ मोजून कीबोर्ड ठरवतो की बोट जोरात आलं की हळू. अंतर कमी, तर आवाज मोठा.

एवढं कळलं की जुन्या कीबोर्डचे निम्मे आजार कळतात. एखादी पट्टी मध्येच ओरडल्यासारखी वाजते, एखादी दोनदा दाबल्याशिवाय बोलत नाही. त्या वेळी बहुतेकदा दोघांपैकी एक स्पर्श धुळीनं किंवा ओलाव्यानं बिघडलेला असतो. रायपूरमध्ये हा आजार लवकर होतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, त्यानंतर पावसाळ्याची दमट हवा, आणि वर्षभर उरला-सिलतरा भागातल्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ, जी बंद खिडकीच्या फटीतूनही आत येऊन बसते. उघडा ठेवलेला कीबोर्ड दोन पावसाळ्यांत कुरकुरू लागतो.

समाधानाची गोष्ट ही की हा आजार बरा होतो. जाणकार माणूस कीबोर्ड खोलतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पाटी आणि चकत्या पुसतो, गरज पडली तर रबराची पट्टी बदलतो. पण ती रबराची पट्टी त्या मॉडेलची मिळायला हवी. चालू मॉडेलची मिळते. वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलसाठी बहुतेकदा दुसरा मेलेला कीबोर्ड शोधावा लागतो.

पट्टीची रुंदी हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा. लहान मुलासाठी लहान पट्ट्यांचा कीबोर्ड घ्यावा, हा समज घरोघर आहे. बोटं अंतर लक्षात ठेवतात. लहान पट्ट्यांवर बसलेला हात मोठ्या पट्ट्यांवर पुन्हा बसवावा लागतो. सात-आठ वर्षांच्या मुलालाही पूर्ण रुंदीच्या ६१ पट्ट्याच द्याव्यात.

इथं एक अपवाद मनापासून नोंदवायला हवा. पेटीच्या पट्टीला दाबाचं भान नसतं. आवाज लहान-मोठा होतो तो भात्यानं. ज्याचा हात पेटीवर तयार झाला आहे आणि ज्याला कीबोर्डवर पेटीचा किंवा ऑर्गनचाच टोन लावून आरत्या, अभंग वाजवायचे आहेत, त्याला दाबाच्या प्रतिसादाशिवाय फारसं अडत नाही. अशा घरात बिघाड नसलेला जुना साधा पीएसआर वर्षानुवर्षं आनंदानं चालतो. तो बदलून नवा घेण्याची काहीही गरज नाही.

एका वेळी किती स्वर

दुसरा आकडा पाहायचा तो एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांचा. डीएक्स७ मध्ये तो १६ होता. अलीकडच्या ई३७३ किंवा सीटी-एस३०० मध्ये तो ४८ आहे. एक्सपीएस-१० मध्ये १२८. हाताला दहाच बोटं असताना एवढे स्वर कशाला, असं वाटू शकतं. पण स्टाइल चालू केली की ताल, बेस आणि भरणा त्याच साठ्यातून स्वर उचलतात. काही टोन एका पट्टीमागं दोन-दोन आवाज वापरतात. पाय सस्टेन पेडलवर असेल तर सोडलेले स्वरही चालूच असतात. साठा संपला की आधीचा स्वर कापला जातो. जुन्या स्वस्त कीबोर्डवर पियानोचा तुकडा वाजवताना मध्येच तुटल्यासारखा वाटतो त्याचं कारण हे. इथं नवा कीबोर्ड निर्विवाद पुढं आहे.

आपल्या सुरांचा प्रश्न

कीबोर्ड घेताना आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं ते सुरांबद्दल, आणि वास्तविक छत्तीसगडात तरी त्याची जाण असायला हवी. १९५६ पासून खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे आणि आचार्य श्री. ना. रातंजनकरांसारख्या विद्वानानं तिथलं कुलगुरुपद सांभाळलं आहे. सूक्ष्म सुरांची चर्चा या मातीला नवी नाही.

कीबोर्डवरचं सप्तक बारा समान भागांत वाटलेलं असतं. त्यातला शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ऐकणाऱ्याला हा फरक पुसट वाटेल, पण गाणाऱ्याच्या गळ्याला तो टोचतो. याच स्वभावामुळं पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ बंदी होती. कीबोर्ड पेटीचा हा दोष घेऊनच आलेला आहे.

फरक इतकाच की कीबोर्डमध्ये तो सुधारता येतो. एकेक स्वर वेगळा चढवता-उतरवता येण्याची सोय यामाहानं १९८७ च्या सुमारास दुसऱ्या पिढीच्या डीएक्स७ मध्ये दिली होती. आज ती घरगुती कीबोर्डांच्या वरच्या मॉडेलांत आणि भारतासाठीच्या काही मॉडेलांत मिळते. शास्त्रीय गाण्याच्या रियाजासाठी कीबोर्ड हवा असेल तर दुकानदाराला आधी हेच विचारावं: स्वर वेगळे लावता येतात का, आणि लावलेले जपून ठेवता येतात का? तानपुरा आणि तबला आत आहे म्हणजे वाद्य शास्त्रीय संगीताचं झालं असं होत नाही.

मींडेचा प्रश्न तसाच. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं तर डावीकडं पिच बेंडचं चाक लागतं. नव्या-जुन्याचा नियम इथं पार कोसळतो. यामाहाच्या पीएसआर-ई३७३ ला हे चाक नाही. त्याच्यापेक्षा साधा दिसणाऱ्या कॅसिओ सीटी-एस३०० ला आहे, आणि जुन्या आय४५५ लाही आहे. भावगीताच्या मधल्या जागेत बासरी किंवा सितार वाजवणाऱ्याला चाक नसलेला नवा कीबोर्ड घेऊन पश्चात्ताप होतो.

मंचावर आणि रस्त्यावर

नागपूर आणि रायपूर यांना बांधणारी एक गोष्ट म्हणजे धुमाल. गणपतीत, दुर्गोत्सवात, लग्नाच्या वरातीत गाडीवर मोठाले स्पीकर चढवून, ढोल-ताशांबरोबर ऑक्टापॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य आणि कीबोर्ड वाजवत निघणारी ही पथकं. ती कीबोर्डची खरी परीक्षा घेतात. तासन्‌तास उन्हात, धुळीत, जनरेटरच्या वर-खाली होणाऱ्या विजेवर आणि गर्दीच्या धक्क्यात वाद्य चालावं लागतं.

इथं घरगुती नवा कीबोर्ड कमी पडतो. बहुतेक घरगुती मॉडेलांना बाहेर आवाज काढायला हेडफोनचीच जागा असते. ती तार ढिली झाली की कार्यक्रम थांबतो. व्यावसायिक वाद्याला डावी-उजवी अशी स्वतंत्र, मजबूत आउटपुट असतात. टोन एका बटणावर बदलतो, स्टाइलच्या यादीत बोट हरवत नाही. एक्सपीएस-१० मध्ये बाहेरून आवाज भरता येतात, आणि म्हणून तो आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत एवढा रुजला: बुलबुल तरंग, शहनाई, ढोलक, ज्याला जे लागेल ते त्यात भरता येतं. असं वाद्य जुनं मिळालं, पट्ट्या ठीक असल्या, तर त्याच पैशांतल्या नव्या घरगुती कीबोर्डपेक्षा ते पैसे घेऊन वाजवणाऱ्याच्या हिताचं आहे.

मंचावर जुनं टिकण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते वाद्याच्या दर्जापेक्षा ऐकणाऱ्यांच्या कानात आहे. रोलँडचा ऑक्टापॅड एसपीडी-२० हा १९९८ चा. त्यानंतर २०१० मध्ये एसपीडी-३० आला, कितीतरी पुढारलेला. तरी आपल्याकडच्या वादकांनी एसपीडी-२० सोडला नाही. वरातीतल्या, गरब्यातल्या, देवीच्या गाण्यांतल्या ठेक्याचा आवाज लोकांच्या मनात त्याचाच बसला होता. शेवटी रोलँडला त्याच नावाची सुधारलेली आवृत्ती काढावी लागली. लोकांनी ज्या आवाजावर ठेका धरला, तो आवाज जुना होत नाही. धुमालातल्या कीबोर्डवाल्याला जुन्याच मॉडेलचा बेंजोचा टोन हवा असतो, यात हट्ट नाही, धंद्याचं शहाणपण आहे.

आवाज घडवणाऱ्यांसाठी

चौथ्या गटाला, म्हणजे स्वतःचे आवाज घडवणाऱ्यांना, जुन्याचं आकर्षण सर्वांत जास्त असतं, आणि त्याला थोर उदाहरणंही आहेत. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची तबकडी केली. त्या वेळी तिची फारशी दखल कुणी घेतली नाही. टीबी-३०३ चं उत्पादनही १९८४ मध्ये थांबलं. मग तीच यंत्रं कवडीमोलानं विकली गेली, शिकागोच्या तरुणांच्या हाती पडली आणि तिथून नृत्यसंगीताची एक अख्खी शाखा निघाली. २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झालं. स्वस्त, नाकारलेल्या जुन्या यंत्रातून नवं संगीत निघू शकतं, याचा याहून चांगला दाखला आपल्या देशात दुसरा नाही.

पण त्यातून आज जुनं यंत्र शोधत हिंडावं, असा अर्थ निघत नाही. ती यंत्रं आता संग्राहकांच्या किमतीला गेली आहेत. टीबी-३०३ च्या धर्तीवरचा बेहरिंगरचा टीडी-३ २०१९ पासून नवा मिळतो. डीएक्स७ चे आवाज देणारं डेक्स्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सर्ज हा पूर्ण सिंथेसायझरही फुकट आहे. २००२ चा मायक्रोकॉर्गसारखा छोटा सिंथेसायझर जुना चांगल्या अवस्थेत मिळाला तर घ्यावा, पण त्याच्या पट्ट्या लहान आहेत आणि एका वेळी चारच स्वर वाजतात, हे मान्य करून.

लेखाच्या सुरुवातीला केलेलं विधान इथं पुरतं खरं ठरतं. मिडी किंवा यूएसबी असलेला, पट्ट्या शाबूत असलेला कुठलाही कीबोर्ड लॅपटॉपला जोडला की त्याच्या पोटातले आवाज बिनमहत्त्वाचे होतात. वीस वर्षांचा, पाच पिनांच्या मिडीचा पीएसआर एका साध्या जोडतारेनं आजच्या संगणकावरचा पियानो वाजवू शकतो. फोनवरही हे जमतं, मात्र अनेक अँड्रॉइड फोनांत पट्टी दाबणं आणि आवाज येणं यांत जाणवण्याइतकं अंतर पडतं. जिवंत साथीला ते चालत नाही, सरावाला चालतं. उलट, ज्या नव्या कीबोर्डच्या पट्ट्यांना दाब कळत नाही, त्याला जगातला सर्वांत सुंदर पियानो जोडला तरी तो एकाच सपाट आवाजात वाजणार.

जुना घेताना

जुना घ्यायचा ठरला तर घाई करू नये. विक्रेत्याच्या घरी किंवा दुकानात बसून पुढच्या गोष्टी बघाव्यात.

हेडफोन लावून सगळ्या पट्ट्या एकेक करून आधी हळू, मग मध्यम, मग जोरात वाजवाव्यात. पियानोचा टोन ठेवावा. ऑर्गनवर दोष लपतात. डावीकडच्या शेवटच्या सप्तकाकडं दुर्लक्ष करू नये. शिकणाऱ्याच्या हाताखाली मधल्या दोन सप्तकांची झीज जास्त असते, म्हणून त्यांची बाकीच्यांशी तुलना करावी.

पिच बेंडचं चाक सोडल्यावर सूर मूळ जागी येतो का पाहावं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का ऐकावं. सस्टेन पेडल आणि हेडफोनची जागा हलवून पाहावी. मिडी किंवा यूएसबी असेल तर फोनला जोडून पाहावं. काही जुन्या मॉडेलांना ड्रायव्हर लागतो आणि तो नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. कीबोर्ड अर्धा तास चालू ठेवावा, कारण काही बिघाड गरम झाल्यावरच दिसतात.

खालचं झाकण उघडून बॅटरीची जागा पाहावी. आत विसरलेले सेल फुटून पाझरले असतील तर तिथल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर दिसतो. कॉर्ग एम१ सारख्या जुन्या व्यावसायिक वाद्यांत आत एक छोटा गोल सेल असतो. तो संपला की साठवलेले आवाज पुसले जातात. सेल स्वस्त आहे, पण आवाज पुन्हा भरायची सोय आहे का ते आधी विचारावं. फ्लॉपीवर चालणाऱ्या मॉडेलची फ्लॉपी चालते हे गृहीत धरू नये.

आणि अडॅप्टर. जुन्या कॅसिओचा एडी-५ हा ९ व्होल्टचा आणि त्याच्या टोकाच्या आतल्या बाजूला ऋण असतं. यामाहाचे बहुतेक अडॅप्टर १२ व्होल्टचे आणि आत धन. नव्या कॅसिओचा अडॅप्टर ९.५ व्होल्टचा. टोक बसलं म्हणून अडॅप्टर चालेल असं समजून लावलेले कीबोर्ड एका क्षणात जळतात. कीबोर्डच्या पाठीवर व्होल्ट आणि धन-ऋणाची खूण छापलेली असते. ती वाचल्याशिवाय तार लावू नये.

पैशांचा हिशेब

जुना किती रुपयांना घ्यावा, याचा सरळ नियम सांगता येतो. विक्रेत्याच्या किमतीत मूळ अडॅप्टर, स्टँड, पट्ट्या साफ करण्याचा खर्च आणि मिडीची जोडतार मिळवावी. ही बेरीज दाबाला प्रतिसाद देणाऱ्या, वॉरंटी असलेल्या सर्वांत स्वस्त नव्या कीबोर्डच्या दोन-तृतीयांशाहून जास्त झाली तर घरासाठी जुना घेण्यात अर्थ नाही. व्यावसायिक वाद्याला हा नियम लावू नये, कारण त्याच दर्जाचं नवं वाद्य त्या पैशांत मिळतच नाही. तिथं तुलना नव्या व्यावसायिक वाद्याच्या किमतीशी करावी.

रायपूरच्या माणसानं दुरुस्तीचाही विचार करावा. इथं होत नाही ती दुरुस्ती नागपूरला नेता येते, रेल्वेचा काही तासांचा प्रवास आहे. पण मंचावरच्या वादकाचा नवरात्रातला एक दिवस बुडाला तर तो खर्च कुठल्याही सर्व्हिस सेंटरच्या बिलात दिसत नाही. म्हणून त्यानं आपल्या पथकातल्या इतरांकडं आहे तेच मॉडेल घ्यावं. सुटे भाग, तारा, भरलेले आवाज सगळं एकमेकांत फिरतं.

निवाडा

शिकणाऱ्या मुलासाठी: नवा. पूर्ण रुंदीच्या ६१ पट्ट्या आणि दाबाला प्रतिसाद या दोन अटींवर तडजोड करू नये. बजेट कमी पडत असेल तर दाब न ओळखणारा नवा घेण्यापेक्षा दाब ओळखणारा, चार-पाच वर्षांचा जुना घ्यावा.

घरातल्या आरत्या-भजनांसाठी: जो आहे तो. तो नीट वाजत असेल तर साफ करून घ्यावा आणि पैसे वाचवावेत. नवाच घ्यायचा तर पिच बेंडचं चाक आणि स्वर वेगळे लावण्याची सोय पाहून घ्यावा.

मंचासाठी: जुनं व्यावसायिक वाद्य, वरच्या सगळ्या तपासण्या करून.

आवाज घडवण्यासाठी: पट्ट्या चांगल्या असलेला कुठलाही, आणि बाकी पैसे लॅपटॉप, हेडफोन आणि चांगल्या जोडतारांवर.

स्वस्त वाद्य घेणं म्हणजे हलकं वाद्य घेणं, असं मानून आपण मुलांवर मोठा अन्याय करतो. पहिल्या वाद्याला बोटाचा जोर कळला नाही, तर मूल लवकरच समजतं की आपल्याला वाजवता येत नाही, आणि मग घरात कीबोर्डवर कपडे वाळत पडतात. दोष त्याच्या हाताचा नसतो. म्हणून पैसे मोजण्याआधी दुकानात मुलालाच बसवावं, एकच पट्टी हळू आणि मग जोरात वाजवायला सांगावं. दोन वेगळे आवाज आले तर पुढचं बोलणं करावं. नाही आले तर तो कीबोर्ड कितीही नवा असो, तिथून उठावं.